रस्ता पाठ असला तरी

आप्पा,

तुम्ही बीडला घेऊन दिलेला फोन अजून चालतो. हे आधी सांगतो, कारण तुम्ही असतात तर पहिल्यांदा तेच विचारलं असतंत. काच एका कोपऱ्यात तडकली आहे, बॅटरी दोनदा बदलली, आणि मागचं झाकण निसटू नये म्हणून पाण्याच्या मोटारीच्या वायंडिंगला, आतल्या तारेच्या वेढ्यांना, बांधतो ती पांढरी फीत गुंडाळली आहे. गेल्या महिन्यात मी त्याच्यावर रस्ता दाखवणारा नकाशा चढवला. म्हणजे चढवला तुमच्या सुनेनं, मी शेजारी बसून नको म्हणत होतो. तुम्ही तिला पाहिलं नाही. नेकनूरची आहे. मला नको म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात तिचं काम होऊन जातं.

फोन घेतला तो दिवस मला लख्ख आठवतो. कपिलधारला दर्शन करून आपण बीडला उतरलो. मला वाटलं, दुकानासाठी तांब्याची तार घ्यायला आलोय. तुम्ही मला मोबाईलच्या दुकानात नेलंत आणि म्हणालात, "लिहिता येतंय असा फोन दावा. मोठ्या काचंचा." मी तोंड उघडलं की पहिलंच अक्षर अडकतं, लहानपणापासून अडकतं, आणि समोरचा माझ्या वतीनं शब्द पुरे करायला लागला की उरलेलंही अडकतं. तुम्ही ह्या विषयावर त्याआधी एकदाच बोलला होतात, ते पुढं येईल. त्या दिवशी दुकानाबाहेर येऊन एवढंच म्हणालात, "तोंडानं अडतंय ना, मग लिहून धाडत जा." पण तुमच्या बटणाच्या फोनवर मराठी अक्षरांचे नुसते चौकोन उमटायचे. मग मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला लागलो, आणि ती तुम्हाला वाचता येत नव्हती. तुम्ही चहाच्या हॉटेलात जाऊन कुणाकडून तरी वाचून घ्यायचात. 'येताना बेअरिंग आणा' एवढा निरोप तुमच्यापर्यंत पोचायला अख्खं हॉटेल कामाला लागायचं. तेव्हा मला लाज वाटायची, आता हसू येतं.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यातलं मात्र हसण्यासारखं नाही. तुम्ही मला दुरुस्त केलेली मोटार देऊन एका मळ्यावर धाडलंत. गाडीच्या मागं मोटार बांधता बांधता रस्ता सांगितलात, टाकीपासून डावीकडं, मग चिंच व्हती तिथून ओढ्याकडं. चिंच तोडून सात-आठ वर्षं झाली होती म्हणे, पण तुमच्या लेखी ती अजून रस्ता दाखवायच्या कामावर होती. "न्हाई सापडलं तर इचार," म्हणालात. मी फाट्यावर उभा आहे. तासभर उभा आहे. एक सायकलवाला जातो, डोक्यावर गवत घेतलेली बाई जाते, मेंढ्यांमागून एक माणूस जातो. मी एकालाही विचारत नाही आणि मोटार घेऊन परत येतो. "कावून परत आलास?" तुम्ही विचारलंत. मी म्हणालो, मळ्यावर कुणी नव्हतं. तुम्ही तीच मोटार घेऊन गेलात, दिवस मावळताना आलात आणि हात धुताना म्हणालात, "ती मान्सं सकाळपासनं वाट बघत व्हती. तुला तोंड काय भाकरीपुरतंच दिलंय का?" आई चुलीपाशी होती, तिनं मान खाली घातली. मी जेवलो नाही. ते वाक्य मी फार वर्षं मनात धरून ठेवलं, आप्पा.

तुम्ही गेल्यावर मी तेलगावच्या दुकानाबाहेर पडलोच नाही. वायंडिंग मी चांगलं करतो, रागावू नका, पण तुमच्यापेक्षा चांगलं करतो. फक्त मोटार दुकानात आली पाहिजे. मळ्यावर बोलावणं आलं की मी 'जमणार नाही' असं कळवायचो. हळूहळू बोलावणी दुसरीकडं गेली. आता मोटार उचलून दुकानात कोण आणतो? जो विहिरीवर येईल त्यालाच लोक बोलावतात. यंदाच्या उन्हाळ्यात चार-चार दिवस पाना हातात घ्यायची वेळ येईना आणि दुकान बंद करावं असं माझ्या मनात घोळायला लागलं, तेव्हा ही म्हणाली, "तुमाला कामाची भीती न्हाई, रस्ता इचारायची हाय. मग इचारूच नका."

मोबाईलवाल्यानं फोन उलटासुलटा केला आणि म्हणाला, "ह्यो आता देवाऱ्यात ठिवा." नेहमीचा नकाशा त्यात उघडतच नव्हता. हिनं बहिणीला विचारून एक हलका नकाशा शोधला, नेटशिवाय चालणारा. जागा करायला फोटो पुसले. तुमचा एक ठेवला, विहिरीच्या कठड्यापाशी डोळे मिटलेला. तुम्हाला धाडलेले निरोपही मी पुसू दिले नाहीत. उपग्रहावरून जागा ओळखायची सोय फोनमध्ये पहिल्यापासून होती म्हणे, आपण ती कधी चालूच केली नव्हती. वर आभाळ मोकळं पाहिजे म्हणून हिनं मला अंगणात उभं केलं. पंधरा मिनिटं मी फोन तळहातावर घेऊन उभा. शेजारीण विचारून गेली, "निवद दावायलेत का?" शेवटी निळा ठिपका उमटला, तो तिच्या गोठ्यात. मग सावकाश सरकत आपल्या अंगणात आला. हिनं रीतही ठरवून टाकली. गिऱ्हाईक तिच्या फोनवर मळ्याची जागा धाडणार, तिथले अक्षांश-रेखांशाचे आकडे ती ह्या फोनमध्ये भरणार आणि मी निघणार. तिचा फोन दुकानातच राहतो, कारण बोलावणी ती घेते.

पहिले सात-आठ मळे मी एक शब्द न बोलता गाठले. फोनमधली बाई हिंदीत डावं-उजवं सांगते, आणि माणूस चुकला तरी आवाज चढवत नाही. तुमचं तिच्याशी जमलं नसतं. मग परवा ओढ्यापलीकडून एका बाईंचं बोलावणं आलं. विहिरीवरची मोटार बंद पडली होती, आणि मोसंबीची बाग नि दोन म्हशी त्या पाण्यावरच होत्या. नकाशात रस्ता होता, पण जमिनीवर कुणी तो नांगरून टाकला होता. फोनमधली बाई सरळ जा म्हणत राहिली आणि समोर नुसती ढेकळं. बांधावर एक म्हातारा गवत कापत होता. परत फिरावं असं मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण दोन तासांत येतील, असा शब्द हिनं त्या बाईंना दिला होता.

मी गाडी लावून म्हाताऱ्यापाशी गेलो. "मो" म्हणालो आणि तिथंच अडकलो. एरवी अशा वेळी माणसं मदतीला धावतात, मोंढा का, मोटार का. हा धावला नाही. विळा खाली ठेवून बांधावर बसला आणि माझ्याकडं बघत राहिला, दुसरं काही काम नसल्यासारखा. मोसंबीवाल्या बाईंचा मळा, एवढे शब्द बाहेर यायला किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. सगळे येईस्तोवर तो गप्प होता. मग गाडीमागं बांधलेल्या तुमच्या हत्यारांच्या लाल पेटीकडं बोट करून म्हणाला, "मिस्तरीचा पोरगा ना तू? पेटी वळखली मी." मी मान हलवली. "तुझा बाप येता-जाता मला रस्ता इचारायचा. मी म्हणलं, मिस्तरी, तुमाला रस्ता पाठ हाय, मग कावून इचारता? तर म्हणला, माझा पोरगा येईल कवातरी ह्या रस्त्यानं. त्याला बोलायला येळ लागतो. तवर थांबा, मधी बोलू नका. लई जणांला सांगून ठिवलं व्हतं त्यानं." मग हात लांब करून वाट दाखवली, "चिंच व्हती तिथून खाली उतर." चिंच कुठं होती, हेही मी त्याला विचारलं. त्यालाही तो थांबला.

बाईंची मोटार शाबूत होती, नुसता स्टार्टर जळाला होता. दुपारी पाणी चालू झालं. परत येताना मी त्या बांधावर बसून रडलो. तुम्ही मला जे बोललात ते मी इतकी वर्षं जपलं, आणि माझ्यासाठी दारोदार जे बोलत फिरलात ते मला परवापर्यंत ठाऊक नव्हतं. आता बोलावणी परत यायला लागली आहेत. नकाशात ओढ्याकडची वाट मी स्वतः भरली आहे, आणि वळणावर एक खूण करून तिला नाव दिलं आहे, 'चिंच होती'.

हे कागदावर लिहितोय, कारण फोनवरून धाडलं तर तुम्हाला चौकोनच दिसतील. कागद पेटीच्या तळाशी ठेवीन. आणखी एकच सांगायचं आहे. आज सकाळी धारूरच्या रस्त्यानं एका मळ्यावर निघालो होतो. रस्ता पाठ होता, खिशात फोनही चालू होता. तरी कडेला एक माणूस दिसला आणि मी गाडी थांबवून त्याला रस्ता विचारला. त्याला तुम्ही सांगून ठेवलेलं नसावं, तो मधेच बोलला. मी पुन्हा पहिल्यापासून विचारलं.