'दोष' या भागातली दोन वाक्यं

दि. ४ मार्च
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.
माझी भावजय जाऊन आज महिना झाला. फोनवर तू नुसतं हूं हूं करतोस, म्हणून लिहायला बसले. जेवतोस का, की बिस्किटांवरच दिवस काढतोयस? चौथ्याच दिवशी कामावर गेलास म्हणे. त्या कॉम्प्युटरच्या माहितीपानांत असतं तरी काय एवढं?
तुझ्या काळजीत,
ताई

दि. ११ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
जेवतो. पानात वर आज्ञेचं नाव आणि एका ओळीत तिचं काम. मग ती कशी टाइप करायची. ऐच्छिक शब्द चौकटी कंसात. मग वर्णन, उदाहरणं, दोष, 'हेही पाहा' आणि शेवटी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं नाव. क्रम मोडायचा नाही, सगळं वर्तमानकाळात. पुढे काय, हा प्रश्नच पडत नाही. बरं असतं ते.
सध्या हिनेच लिहिलेल्या प्रोग्रॅमचं पान करतोय. तो फाइलींच्या प्रती काढतो. डिस्क भरली तर प्रत अर्धवट राहते आणि हा चकार शब्द काढत नाही. हिने दवाखान्यात मला ते दोनदा सांगितलं, पानात घाल म्हणाली. साहेब म्हणतात, 'दोष' गाळा, वाईट दिसतं. मी बरं म्हणालो. मला कशाचंच काही वाटत नाही, ताई.
मुलांना पापा.
तुझा,
धाकटा

दि. १६ मार्च
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.
बरं म्हणालास? पाणी मागायलाही तिचा आवाज फुटत नव्हता, तरी तिने हे दोनदा सांगितलं. तुला वाटत नसेल तर नको वाटू दे. पण ते पानात गेलंच पाहिजे.
रागावलेली, तरी तुझीच,
ताई

दि. २९ एप्रिल
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
तुझं पत्र आलं त्याच दिवशी 'दोष' घातला. दोनच वाक्यं. साहेबांनी गाळला, मी परत घातला. पुन्हा गाळला, तेव्हा म्हणालो, पान दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. शेवटी त्यांनी सही केली.
काल एका ग्रंथालयातून बाईंचा फोन आला. जुन्या हस्तलिखितांच्या फाइली त्यांनी याच प्रोग्रॅमने उतरवल्या होत्या. मूळ फाइली पुसण्याआधी सहज पान वाचलं आणि प्रती तपासल्या. चाळीस अर्धवट निघाल्या. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या बाईंना आमचे आभार सांगा, म्हणाल्या.
मी सांगतो म्हणालो. फोन ठेवला आणि भर ऑफिसात हुंदका फुटला. आवरेचना. साहेब खुर्ची ओढून शेजारी बसले.
आज घरीच आहे. तुझी माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझा,
धाकटा