हाला मॅडमची शेवटची गोष्ट

१२ फेब्रुवारी १९७७, जेद्दा
हॉस्पिटलात आज तेवीस रिपोर्ट टाईप केले. बोटं सुजलीत. वर हाला मॅडमच्या गोष्टीची चार पानं. त्या आमच्या ऑफिसच्या मुख्य — जन्म पॅलेस्टाईनचा, वाढल्या लंडनला, पासपोर्ट ब्रिटिश. एक पुस्तक तिकडे छापून आलंय. दुसरं चाललंय. त्यांचं अक्षर फक्त मलाच लागतं.

१९ फेब्रुवारी
लंडनच्या प्रकाशकाचं पत्र. तुमच्या लोकांच्या लढाईवर लिहा म्हणे. मॅडमनी चष्मा काढून ठेवला. "घर सुटलं तेव्हा मी सात वर्षांची होते, सफूरा. मला लढाई आठवत नाही. आईचं स्वयंपाकघर आठवतं. ते कुणाला नको असतं."

२० फेब्रुवारी
नुसतं काम. माझा नवरा यासीन बंदरावर डबल ड्यूटीला. आमचं बोलणं नाही.

५ मार्च
शेवटची गोष्ट टाईप करायला घेतली. दुसऱ्या पानावर हात थांबले. रत्नागिरीची बाई. सातव्या महिन्यात पोटातच गेलेली मुलगी. नवरा दफन करून येतो, चपला काढतो, आणि चहा मागतो.
हे दोन वर्षांत मी फक्त मॅडमना सांगितलं होतं.
विचारलं. म्हणाल्या, "नाव बदललंय."
"मूल माझं होतं, मॅडम."
त्यांनी ते पान उलटं ठेवलं. मग — "चूक झाली. पण इतकं खरं मी आजवर लिहिलं नव्हतं."

८ मार्च
मॅडमशी कामापुरतंच बोलते. थकवा जात नाही.

१७ मार्च
या गोष्टीशिवाय पुस्तक पुरं होत नाही. महिनाअखेर पाठवायचंय. मॅडमनी हस्तलिखित, बाकीच्या गोष्टी आणि लंडनच्या पत्त्याचं पाकीट, सगळं माझ्या हातात दिलं. दुसरी प्रत नाही. "टाईप कर, नाहीतर फाड. मी विचारणार नाही."

२५ मार्च, शुक्रवार
यासीनला सुट्टी. गोष्ट मराठीत करून वाचून दाखवली. भांडायच्या तयारीनेच बसले होते. तो मान खाली घालून ऐकत होता.
"चहा मागितला होता मी," म्हणाला. "तोंडातून दुसरा शब्द निघेना. तुझ्यासमोर रडायचं नव्हतं."
आणि मग रडला. दोन वर्षांनी. मग एक गोष्ट सांगितली, जी मलाही माहीत नव्हती.

२७ मार्च
पाकीट पोस्टात टाकलं. मॅडमच्या गोष्टीत मुलीला नाव नव्हतं. त्यांना विचारून मी एक नाव टाईप केलं. दफन करताना यासीनने ठेवलेलं — जुबेदा.