हेल्मी कोस्किनेनची मुलाखत

१० जानेवारी, डुलूथ

कॉलेजचं पत्र आलं — यंदाही दोन मुलाखती! तीस वर्षांपूर्वी तिथे शिकले, त्याची ही शिक्षा. प्रवेश मागणाऱ्या आमच्या गावच्या पोरांना भेटायचं, अहवाल पाठवायचा. वाचतो कोण? काळं कुत्रंसुद्धा नाही! माजी विद्यार्थ्यांना मोठेपणाचं गाजर दाखवायचं, दुसरं काय!

१७ जानेवारी

ट्रेंट हॅविलंड. कडक इस्त्रीचा ब्लेझर, पाठ केलेली नम्रता. म्हणतो, "अपयशानं मला घडवलं." कसलं अपयश रे? तर नौकांच्या शर्यतीत दुसरा आला! पढवून पाठवलेला पोपट. अहवालात लिहिलं — 'हुशार, विनयशील.' दोन मिनिटांत काम फत्ते.

१८ जानेवारी

बाहेर उणे वीस. हेल्मी कोस्किनेन चालत आली. वाचनालयाच्या गालिच्यावर तिच्या बुटांचं पाणी. ठरलेला प्रश्न टाकला — हेच कॉलेज का?

"खरं सांगू? पूर्ण शिष्यवृत्ती देतात. आणि इथून लांब आहे."

मला हसूच फुटलं. मग दीड तास बोलत बसलो. बाप बंदरात, खनिज चढवायच्या धक्क्यावर कामाला होता, आता पक्षाघातानं अंथरुणाला खिळलाय. त्याला अंघोळ घालून ही शाळेत जाते. नदीच्या गाळातले किडे शोधून वहीत त्यांची चित्रं काढते — कुणी सांगितलेलं नसताना!

निघताना दारात घुटमळली. "बाबांचं दुखणं वाढलं, तर मला शिक्षण अर्ध्यावर टाकून यावं लागेल, मॅडम. हे लिहू नका हं."

"अगं, वाचतंय कोण!" म्हटलं.

१९ जानेवारी

तीन पानं लिहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! दारातलं तिचं बोलणंही घातलं. असा खरेपणा प्रवेश कार्यालयातल्या त्या बेगडी मंडळींनी एकदा तरी बघावा!

२८ मार्च

ट्रेंटला प्रवेश. हेल्मीला नकार. वाटलंच होतं — गाढवांचा बाजार!

तिचा फोन आला. माझीच समजूत काढत होती. "जाऊ द्या, मॅडम. तुम्ही चांगलंच लिहिलं असणार."

संतापून प्रवेश कार्यालयाला खरमरीत पत्र धाडलं. वाचायचं नसेल तर आम्हांला राबवता कशाला?

४ एप्रिल

कार्यालयाचं उत्तर. 'हेल्मीचं नाव निवडयादीत होतं. ती शिक्षण अर्धवट सोडण्याची शक्यता आहे, हे केवळ आपल्या अहवालामुळे कळलं. मनःपूर्वक आभार.'