मागची कोठी संपल्यावर

धुळे,
आखाजीचा आदला दिवस, दुपार

अहो,

मायना काय लिहावा यातच अर्धा तास गेला. शाळेत मुलींना पत्रलेखन मीच शिकवते: वडिलांना तीर्थरूप, धाकट्या भावाला चिरंजीव. पण नवऱ्याला, आणि तोही वारलेला, मायना काय हे कुठल्याच इयत्तेला नाही. तुमचं नाव मी उखाण्यापलीकडे कधी घेतलं नाही आणि 'प्रिय' लिहिलं तर तुम्ही हसाल. म्हणून 'अहो'. तुम्ही मला शाळेतल्या मुलींसारखं 'बाई' म्हणायचात, मी तुम्हाला 'अहो'. चोवीस वर्षं याच हाकेला तुम्ही ओ दिलीत, अर्थात बाजारात नसलात तर.

आजच का लिहितेय? उद्या अक्षय्यतृतीया, तुमची घागर भरायची आहे. मागच्या महिन्यात वर्षश्राद्ध झालं, म्हणजे पितरांत तुमची नेमणूक कायम झाली. उद्या पहिल्यांदा तुमच्या नावानं पाणी भरायचं, घागरीवर खरबूज आणि सांजोऱ्या ठेवायच्या, पुरणपोळीचा घास निखाऱ्यावर टाकायचा. मंजू सकाळच्या गाडीनं जळगावहून येतेय. डाळ भिजवून ठेवली आहे. पण मला तुमचा इतका राग आलाय की तो सांगून टाकल्याशिवाय पुरण नीट शिजायचं नाही. आणि तुमच्याबद्दलची तक्रार मी आजवर तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे केली आहे?

तुमची नोकरी जळगावला, माझी शाळा धुळ्याला. शनिवारी लोकांचे नवरे सुटीला घरी यायचे, माझ्याकडे माल यायचा. तुम्ही सरळ धुळ्याचं तिकीट कधी काढलंत? पारोळ्याला उतरायचं, बाजारात चक्कर मारायची, शेंगदाणे नाहीतर मिरच्या उचलायच्या आणि मागच्या गाडीनं यायचं. साहेबांबरोबर जामनेरला दौरा निघाला की मला आधीच कळायचं, आता तूरडाळ येणार. कंडक्टर तुम्हाला पाहिल्याबरोबर लगेजचं तिकीट फाडून ठेवायचा. मंजू लहानपणी विचारायची, "बाबा येणार आहेत का पोतं?"

एकदा जळगावात कुणाचं दुकान बंद होत होतं म्हणून तुम्ही चंदनाच्या साबणाचं अख्खं खोकं आणलंत. त्यानंतर अडीच वर्षं या घरातली तिन्ही माणसं एकाच वासाची होती. शाळेत माझ्या टेबलावर मंजूच्या वर्गाच्या वह्या आल्या की तिची वही मी नाव न वाचता ओळखायची.

पलंगाखाली डबे मावेनात तेव्हा तुम्ही पलंगाच्या पायांखाली विटा लावल्यात. सकाळी आठवीच्या मुलींना मी अपरिग्रहाचा अर्थ सांगायची, गरजेपेक्षा अधिक काही जवळ न ठेवणं. आणि दुपारी घरी येऊन साखरेच्या डब्यावर पाय देऊन पलंगावर चढायची. मुलींनी कधी घर पाहायला मागितलं नाही हे माझं नशीब.

हे सगळं मी सोसलं असतं. साठवणीबद्दल माझं भांडण नव्हतंच. उन्हाळ्यात वर्षाचं धान्य कोण भरत नाही? आपल्या गल्लीत प्रत्येक अंगणात गहू वाळतात, बिबडे-पापड वाळतात. माझं भांडण तुमच्या त्या नियमाशी होतं. प्रत्येक डब्यात चिठ्ठी, कधी भरला आणि कधी उघडायचा. आणि सगळ्या चिठ्ठ्यांचं सार दोन शब्दांत: जुनं आधी.

ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! पण तुम्ही वर्षाचं म्हणून दीड वर्षाचं भरायचात. नवे गहू यायचे तेव्हा मागची कोठी अर्धी असायची. ती संपेपर्यंत नवे गहू जुने व्हायचे. मग ते उघडायचे, तोवर पुढचे नवे दारात. या हिशेबानं नवा गहू आपल्या घरात यायचा दर वर्षी आणि पोटात जायचा कधीच नाही. आपल्या पोळीला बारा महिने एरंडेलाचा वास. ताज्या गव्हाची पोळी मी खायची ती माहेरी, भावाकडे, तीही वर्षातून एकदा. संस्कृतात भूतकाळ तीन आहेत, तुमच्या कोठीनं चौथा काढला आणि मला त्यात चोवीस वर्षं ठेवलं.

रावेरची केळी आठवतात? तुमच्या ओळखीच्या ट्रकवाल्यानं दोन घड स्वस्तात दिले आणि तुम्ही ते टपावर टाकून आणलेत. मला वाटलं, चला, केळ्याची तर साठवण होत नाही. पण तुम्ही घडासमोर उभे राहिलात आणि म्हणालात, "काळं पडलेलं आधी." पहिल्या दिवशी आपण डझनभर काळी केळी खाल्ली. दुसऱ्या दिवशी, आदल्या दिवशी पिवळी असलेली डझनभर काळी पडली होती, ती खाल्ली. असं पंधरवडाभर. दोन घड केळी संपली, पण पिवळं केळं या घरात कुणी खाल्लं नाही. मंजूनं एक चोरून खाल्लं तर तुम्ही सालावरून पकडलंत.

कबूल करते, तुमच्या साठ्यानं लाजही राखली आहे. पगार थकला त्या दिवाळीत आपल्या घरी चकल्या झाल्या आणि गल्लीतल्या चार घरी आपलं तेल गेलं. मंजूच्या लग्नातले लाडू तुम्ही तिच्या दहावीपासून जमवत होतात, साखरेच्या रूपानं. हे मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर राग तरी सुटसुटीत झाला असता.

आता गेल्या वर्षीच्या चैत्राचं लिहिते. ते लिहायचं म्हणूनच पत्राला बसले आणि केळ्यांवर वेळ काढतेय.

दवाखान्यातून तुम्हाला घरी आणलं होतं. खाट अंगणात पत्र्याखाली टाकली होती. तुमच्या अक्का पारोळ्याहून गव्हाची दोन पोती घेऊन आल्या होत्या. दवाखान्यात जायच्या आधीच तुम्ही ती सांगून ठेवली होतीत, नाहीतर तुम्ही कसले? मी आणि अक्का गव्हाला एरंडेल चोळत होतो, आणि तुम्ही पडल्या पडल्या हुकूम सोडत होतात: पाला वाळलेलाच घ्या, ओला कडुलिंब नको, कोठी आतून पुसली का.

मग तुम्ही हात लांब करून, तेल न लावलेल्या ढिगातले चार दाणे तोंडात टाकलेत. बराच वेळ चावत राहिलात. आणि म्हणालात, "बाई, गोड आहे हो. याची एक पोळी होऊन जाऊ दे."

चोवीस वर्षांत पहिल्यांदा! तुम्ही स्वतः, स्वतःच्या तोंडानं! मी काय म्हणावं? एरंडेलाचा हात पदराला पुसत मी म्हणाले, "मागची कोठी अजून अर्धी आहे. जुनं आधी."

थट्टा होती हो ती. मला वाटलं, तुम्ही भांडाल. निदान एकदा त्या नियमाशी भांडाल, मी जिंकेन आणि लगेच चार मुठी गहू घेऊन गिरणीत जाईन. माझं सगळं ठरलं होतं. पण तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, ढ विद्यार्थ्यानं अखेर बरोबर उत्तर दिल्यावर मी बघते तसं, आणि म्हणालात, "बरोबर. शिकलात शेवटी."

आणि दुपारी तुम्ही जुन्या गव्हाची पोळी निमूटपणे खाल्लीत. तुमचा हात थरथरायचा म्हणून कोठीतली चिठ्ठीही माझ्याकडून लिहून घेतलीत. "मागची संपल्यावर उघडणे." तुमचा मजकूर, माझं अक्षर. सुवाच्य, टपोरं, फळ्यावर लिहावं तसं.

त्यानंतर तुम्ही नऊ दिवस होतात. गिरणी आपल्या गल्लीच्या टोकाला आहे. चार मुठी गहू दळायला किती वेळ लागतो? मी रोज उद्या म्हणत होते. मला वाटायचं, तुम्ही पुन्हा मागाल, तेव्हा मी आधी थोडं छळीन आणि मग देईन. तुम्ही पुन्हा मागितली का नाहीत? पहिल्यांदा काही मागितलंत आणि मी एकदा नाही म्हटल्यावर गप्प बसलात? बाजारात तर तीन वेळा नाही म्हणणाऱ्या दुकानदाराशी तुम्ही चौथ्यांदा घासाघीस करायचात!

तेराव्याला काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. शंभरेक माणूस जेवलं आणि माझ्या भावाला बाजारात जावं लागलं नाही. डाळ, गूळ, तेल, चहा, काडेपेटीसुद्धा तुमच्या साठ्यातली. हे ऐकून तुम्हाला किती बरं वाटलं असतं, या विचारानं मला हसू आलं आणि बायकांना वाटलं मी रडतेय. त्यांनी मला जवळ घेतलं, मग मी खरंच रडले.

गहू काढायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, नवी कोठी उघडा. आज तरी. अक्का कोठीपर्यंत गेल्या, त्यांनी झाकण काढलं, चिठ्ठी वाचली आणि झाकण परत लावलं. डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "मन्हा भाऊना नियम शे. जुनं आधी." तुमच्या तेराव्याला सगळ्यांनी जुन्या गव्हाच्या पोळ्या खाल्ल्या. नियम तुमचा, आणि तो सांगणारं अक्षर माझं.

त्यानंतर एकट्या बाईला किती गहू लागतात? जुनी कोठी सरता सरेना. मीही हट्टानं तीच खात राहिले. शिक्षाच म्हणा. गेल्या आठवड्यात ती एकदाची संपली. तुमची चिठ्ठी पाळून मी दुसरी उघडली, दळून आणलं, आखाजीच्या आधी एक पोळी करून पाहिली.

तीच पोळी, हो. तोच एरंडेलाचा वास, तीच चव. वर्ष झालं ना त्याला. तुम्ही चार दाणे चावून गोड म्हणालात तो गहू आता या घरात नाही. कोठी गळ्यापर्यंत भरलेली आहे, आणि त्यात तुम्ही मागितलेलं काही नाही. मी ते इतकं सांभाळून ठेवलं की ते गेलं.

म्हणून मला राग आलाय. तुमच्यावर की माझ्यावर, हे पत्र संपेपर्यंत ठरेल असं वाटलं होतं. ठरलं नाही.

काल मी तुमच्या नेहमीच्या धान्यवाल्या शेठजींच्या दुकानात गेले. त्यांनी हात जोडले, गव्हाचे दर सांगितले, यंदा उतरले आहेत म्हणाले. "किती पोती पाठवू, वहिनी?" क्षणभर माझ्या तोंडून 'दोन' निघणार होतं, खोटं कशाला बोलू? तुमचा रोग मलाही लागला आहेच. मी म्हटलं, "दोन किलो. या वर्षीचा, नवा."

शेठजींनी वजन हातात धरलं आणि दाराकडे पाहिलं, जणू तुम्ही मागून पिशवी घेऊन येताय. म्हणाले, "साहेब रागावतील."

मी म्हटलं, "रागावू देत."

सकाळी गिरणीतून पीठ आणलं. घरी येईपर्यंत डबा पदराखाली ऊन होता. इतक्या वर्षांत या घरात इतकं ताजं काही आलं नव्हतं. झाकण उघडून नुसता वास घेत बसले, मग दोन्ही कोठ्यांकडे पाहिलं, मग कागद घेतला.

आता शब्द देते, आणि तो तुमच्या चिठ्ठीइतकाच काटेकोर पाळेन. तुमची कोठी मी टाकणार नाही, विकणार नाही. एक एक पोळी करून संपवीन. पण दर आखाजीला, मागची कोठी भरलेली असो की रिकामी, दोन किलो नवा गहू येईल, किरकोळ भावानं. पहिली पोळी तुमच्या घासाला. दुसरी मंजूला, तव्यावरून उतरल्या उतरल्या, उभ्या उभ्या. तिनं परवाच्या पत्रात लिहिलंय की तीही आता डब्यांत चिठ्ठ्या ठेवते, तुमची आठवण म्हणून. तेव्हा तिला उद्या आधी पोळी आणि मग तुमची ही हकीकत. तिसरी मी खाईन. तुमच्या आठवणीनं वगैरे नाही, भूक लागली म्हणून.

पिठाच्या डब्यातही चिठ्ठी ठेवली आहे. सवय जात नाही. फक्त या वेळी मजकूर माझा आहे:

"आधी हे."

तुमची,
बाई