उपासाच्या दिवसाच्या गोळ्या

माय, आज शाळेत गेले होते. तुझ्यानंतर तिथं खिचडी शिजवायला जी बाई लागली, तिनं मला ओळखलं. पोरांच्या पंगतीतच बसवून ताट दिलं आणि म्हणाली, "तुह्या मायच्या हातची चव काई मले येत नाही व." जेवले, घरी आले, कुलूप काढलं, आणि आता तुझ्या पलंगावर बसून हे लिहिते आहे. दारव्ह्याची जीप संध्याकाळी आहे. तोवर बोलायला कुणी नाही. तसं हैदराबादलाही नाही. दिवसभर प्रयोगशाळेत माणसांच्या गराड्यात असते, पण मी काय करते ते टोकापर्यंत विचारून घेणारी तू एकटीच होतीस.

आठवतं का, त्याच शाळेच्या स्वयंपाकखोलीत तू खिचडीचा मोठा गंज घासत होतीस आणि मी दारात बसले होते. "तू तिथं नेमकं काय करून राह्यली?" असं तू विचारलंस. मी म्हटलं, शरीरात प्रोटीन कायनेज नावाचे कामकरी असतात. ते दुसऱ्या प्रोटीनला एक बारीक खूण चिकटवतात, की ते प्रोटीन कामाला लागतं. एखादा कायनेज बिघडला की थांबतच नाही, पेशी वाढतच जातात, आणि आम्ही त्याला थांबवणारं औषध शोधतो. तू राखेचा हात तसाच ठेवून म्हणालीस, "म्हंजे गॅसचं बटन फिरून गेलं म्हण ना. जाळ कमीच होत नाही." तुझं ते बटन मी पुढं कितीतरी भाषणांत वापरलं. कुणाचं आहे ते कधी सांगितलं नाही.

पुढच्याच वर्षी तुझ्या रक्तात नेमका तोच बिघाड निघाला. रक्ताचा कर्करोग म्हटल्यावर लोक हातपाय गाळतात. मी मात्र नागपूरच्या दवाखान्यात जवळजवळ खुशीत होते, कारण या एका कायनेजवर गोळी आहे, चांगली गोळी आहे, ती रोज घेऊन माणसं वर्षानुवर्षं जगतात. बाहेरच्या बाकावर बसून मीच तुला समजावलं होतं. दुपारी जेवण झाल्यावर एक गोळी, वर मोठा गिलासभर पाणी. रिकाम्या पोटी अजिबात घ्यायची नाही. तू शहाण्या पोरीसारखी मान हलवत ते माझ्यामागून म्हणून दाखवलंस.

आधी सगळं छान चाललं. मग रक्ताच्या तपासणीतले आकडे वाढू लागले. मी लगेच ठरवून टाकलं की तुझ्या कायनेजनं रूप बदललं असणार, गोळी आता त्यात बसत नसणार. असं होतं कधी कधी, आमचं अर्धं काम त्यावरच चालतं. मी हट्टानं तपासणी करायला लावली. काही बदललेलं नाही, असा अहवाल आला. सांगायला लाज वाटते, पण मी हिरमुसले होते. त्या दिवशी फोनवर तुझ्यावर ओरडले, "मग वाढतंय कसं? घेतेस ना रोज?" तू शांतपणे म्हणालीस, "घेतो ना व. तू सांगतली तशीच घेतो."

दिवाळीला घरी आले तेव्हा भगर शोधताना भगरीच्या डब्यात फडक्याची पुरचुंडी सापडली. आत गोळ्या. मी विचारलं, "ह्या काहून उरल्या?" तू तव्यावरची भाकर उलटत म्हणालीस, "त्या उपासाच्या दिवसाच्या हायेत. दुपारी पोट रिकामं असते ना त्या दिवशी. औषध फेकू नये म्हणून ठेवल्या." सोमवार, चतुर्थी, एकादशी मला ठाऊक होते. पण गोळ्या त्याहून जास्त होत्या. "गुरुवार बी धरला," तू जरा लाजून म्हणालीस. "तू ते औषध शोधून राह्यली ना, त्याच्यासाठी. तुह्या हाताले यश यावं म्हणून."

मी पुरचुंडी पुन्हा बांधली. माझ्या तोंडाकडं बघून तू तवा खाली उतरवलास. "माह्यं काई चुकलं काय व?"

"नाही माय. ते औषधच कमी पडलं."

तुला बरं वाटलं. उरलेल्या भाकरी करायला घेतल्यास. पुढं दुसरी गोळी सुरू झाली, पण आजार तिच्या हाताबाहेर गेला होता. शेवटी शेवटी भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला तू सांगायचीस, "पोरीनं लय केलं. औषधच कमी पडलं." मी उशाशी बसून ते ऐकत असे.

इतकी वर्षं मी मनाला सांगत आले, की तुला टोचणी लागू नये म्हणून तसं बोलले. कुणीही हेच म्हणेल. पण तुला टोचणी लागली नसती, माय. तू फक्त विचारलं असतंस, "मंग उपासाच्या दिवशी काय करा लागत होतं?" आणि मला सांगावं लागलं असतं, की दोन घास भगर खाऊन गोळी घ्यायची, एवढंच. ते सांगायचं मलाच सुचलं नाही. तुझ्याच घरात वाढलेल्या, दर सोमवारी तुझं पालथं ताट बघितलेल्या मला.

ती पुरचुंडी अजून डब्यातच आहे. हा कागदही तिच्याखाली ठेवते, दुसरीकडं न्यायचा तरी कुठं. औषध कमी पडलं नव्हतं, माय. तसं मी माझ्यासाठी म्हटलं होतं.