अम्माची चिठ्ठ्यांची पाटी

३ ऑगस्ट २०२५, रविवार

पांढरा डबा गेला. वायर काढली, लावली, थोपटला, शिव्या घातल्या — काही नाही. दिवासुद्धा लागला नाही.

गेम खेळायचा कन्सोल तो. शिवराजने २०१० साली अमेरिकेहून अम्मासाठी पाठवलेला. धाकटा भाऊ माझा. तेव्हा बोलत होता. अम्मा दुपारी त्यावर बोलिंग खेळायची आणि खेळ संपला तरी टीव्ही तसाच चालू ठेवायची, पहिल्या पडद्यावर — जिथे नुसते चौकोन दिसतात आणि मंद संगीत वाजत राहतं. तिला जाऊन बारा वर्षं होतील. अप्पांना आता नीट दिसत नाही, वार लक्षात राहत नाही. पण ते संगीत लागलं की दोन तास शांत बसतात. माझे दोन तास! त्यात स्वयंपाक, धुणं, आणि जमलं तर आडवं होणं.

नशीब, गेल्या आठवड्यात डबा पंधरा-पंधरा मिनिटं तरी चालत होता, तेव्हा अखिलाने त्याच्या पोटातलं सगळं एका कार्डावर उतरवून घेतलं. अखिला माझी मावसबहीण, कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. "डबा सोड वासुकी अक्का, लॅपटॉपालाच डबा करूं," म्हणाली. एम्युलेटर म्हणतात त्याला. लॅपटॉपची समजूत घालायची की तू लॅपटॉप नाहीस, दुसरंच कुणी आहेस. माझीही कुणी अशी समजूत घालेल तर बरं होईल.

५ ऑगस्ट

ऑफिसला जाताना ओरत्तनाडूपर्यंत बसमध्ये उभी. तिथे जमिनीच्या पट्ट्याचे अर्ज, त्यावर सर्व्हर बंद. घरी येऊन एम्युलेटर लावला — काळा पडदा. बंद, पुन्हा चालू — काळा पडदा.

अप्पांनी विचारलं, "आज गुरुवार की?" हो हो म्हटलं. मंगळवार होता. कोण वाद घालणार!

९ ऑगस्ट, शनिवार

पडदा उजळला! कार्डावरची फाईल नुसती फोल्डरात टाकून भागत नाही, एम्युलेटरला ती आत घ्यायला सांगावं लागतं. हे अखिला आधी का सांगत नाही?

पण पुढे सरकत नाही. पहिलाच पडदा इशाऱ्याचा — खेळताना तब्येत सांभाळा वगैरे. खाली लिहिलंय, A दाबा. मी दाबला. वीसदा दाबला. ढिम्म! अखिला फोनवर हसत सुटली. तो A म्हणजे कीबोर्डावरचा नव्हे, कन्सोलच्या रिमोटचा. आणि लॅपटॉपला रिमोटच नाही. बावन्न वर्षांची बाई तब्येत सांभाळा म्हणणाऱ्या पडद्यापुढे अर्धा दिवस अडकून बसली होती.

१० ऑगस्ट, रविवार

अखिला आली. माउसच्या डाव्या बटणाला सांगितलं की तू A. झालं. चौकोन आले, छोटा पांढरा हात आला, संगीत आलं.

अप्पा बाहेरच्या खोलीतून ओरडले, "चंद्रमती, बोलिंग पोदुम! कापी घाल." अम्माला मारायचे तशीच हाक — पुरे बोलिंग, म्हणे. मग खुर्चीत येऊन बसले, गुडघ्यावर ताल धरून. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग कॉफी घातली.

मेनूत एक चौकोन चेहऱ्यांचा आहे. आपापला चेहरा बनवायचा. अम्माने आपला बनवलेला अजून आहे — पांढरे केस, चष्मा. कुंकवाची सोय नव्हती, म्हणून गालावर लावायचा तीळ सरकवत सरकवत कपाळावर नेऊन ठेवलाय. काय बाई होती!

१२ ऑगस्ट

अप्पा जेवताना म्हणाले, "शिवू केव्हां येतो?" रोज विचारतात. काय सांगू?

लिहूनच टाकते. आम्ही तमिळ मुलखातले मराठी; ही देवनागरी मी क्लासला जाऊन शिकले. घरात दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही, तेवढा एक फायदा. २०१३ मध्ये अम्माच्या पोटात गाठ निघाली. मी शिवराजला फोन लावणार होते. अम्माने हात धरला. "त्याला मीं सांगितलेंय. तूं अणखी फोन करून त्याला भेडवूं नको. सवड जाली की येईल तो." मला वाटलं, बोलली असेल. मी नाही केला फोन. तो आला तो अम्मा गेल्याच्या चौथ्या दिवशी, सगळं उरकल्यावर. मला कुणी काही सांगितलं नाही म्हणाला. अम्माने तुला सांगितलं होतं, म्हटलं. सगळ्यांसमोर म्हणाला, "अक्का, तू खोटं बोलतेस." मीही म्हटलं — खोटा तूच, माहीत असून आला नाहीस.

बारा वर्षं. श्राद्धालाही येत नाही. अप्पा चौऱ्याऐंशीचे आहेत. दोघांपैकी एक खोटं बोलतंय एवढं नक्की, आणि ती मी नाही.

१५ ऑगस्ट

सुट्टी. झोपले.

१७ ऑगस्ट, रविवार

अप्पा झोपले, आता लिहिते.

अप्पांसाठी संगीत लावलं होतं. मेनूत खाली उजव्या कोपऱ्यात पाकिटाचं चित्र आहे. सहज दाबलं. आत पाटी आहे, चिठ्ठ्या लावायची. प्रत्येक तारखेची वेगळी. आजची कोरी, कालची कोरी. मी मागे मागे जात राहिले, महिन्यांमागून महिने, वर्षांमागून वर्षं, सगळं कोरं. ऑगस्ट २०१३ ला पहिलं पाकीट दिसलं.

अम्मा! इंग्रजी अक्षरांत, मराठीत.

"शिवू कण्णा, आज उठवेना. बोलिंग नाहीं. तुझें उत्तर बी नाहीं. काम असेल."

त्याच्या मागे जुलै. "डाक्टर पोटांत गांठ म्हणाले. भिऊं नको. सवडीनें ये. वासुकीला सांगितलें, शिवूला मीं कळिवलेंय म्हणून."

कळवलं होतं! तिने खरंच कळवलं होतं — या पाटीवर! चिठ्ठी लिहायला गेलं की हा मेनू दोन चित्रं दाखवतो. एक दाबलं तर चिठ्ठी याच डब्यात राहते. दुसरं दाबलं तर दुसऱ्याच्या डब्याला जाते. अम्माने दर वेळी पहिलंच दाबलं. डबा मुलाने पाठवलेला, तेव्हा त्यात लिहिलेलं मुलाकडे जाणारच, असं धरून चालली असणार. आणि उत्तराची वाट बघत राहिली; फोनवर तो घाईत असायचा, तेव्हा विचारलंही नसेल.

तो खोटं बोलत नव्हता. मीही नाही. अम्माही नाही.

१८ ऑगस्ट

तिला ते चित्र दाबायला कुणी शिकवलं असेल? शिवराजनेच, दुसरं कोण. फोनवर, घाईघाईत. नेहमीचंच त्याचं.

२३ ऑगस्ट, शनिवार

सहा दिवस धीर गोळा केला. आज जुलै-ऑगस्टच्या चिठ्ठ्यांचे फोटो शिवराजला पाठवले. खाली एकच ओळ — अम्माने तुला सांगितलं होतं, पण ते तुझ्यापर्यंत पोचलं नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

फोन आला. बारा वर्षांनी "अक्का" ऐकलं. मग नुसतं रडणं, दोन्हीकडे. मोठा माणूस, केस पिकलेला, आणि हुंदके देतोय.

म्हणाला, "मींच दाखवलें असेल तिला, अक्का. कधी तरी फोनवर. मला आठवतसुद्धा नाहीं. माझ्याच हातून जालें हें."

मी म्हटलं, असू दे, जुनी गोष्ट. मोठ्या मनाने म्हटलं. खरं सांगायचं तर बरं वाटलं. बारा वर्षं खोटी ठरले होते, जरा त्यालाही कळू दे.

श्राद्धाला येतोय. बारा सप्टेंबर.

२६ ऑगस्ट

अप्पांना सांगितलं. "सेरी," म्हणाले, म्हणजे बरं. पाच मिनिटांनी पुन्हा, "शिवू केव्हां येतो?" पहिल्यांदाच उत्तर होतं. चार वेळा दिलं.

३१ ऑगस्ट, रविवार

रोज थोड्या चिठ्ठ्या वाचते, मागे मागे जात. एकदम नाही वाचवत. बहुतेक साध्याच. "आज बोलिंगांत दीडशें जाले. वासुकीचे शंभर बी होत नाहींत." — खोटं! माझे एकशेवीस झाले होते. "वासुकी बसनें येते, दमते, तोंड फिरवून बसते. वाईट नाहीं ती."

ही चिठ्ठी वाचून लॅपटॉप बंद केला.

७ सप्टेंबर, रविवार

डाळ, तांदूळ, गूळ आणला. वरची खोली झाडली. पाठ गेली. शिवराज रोज फोन करतो आणि रोज एकदा तरी म्हणतो, मी नीट शिकवायला हवं होतं तिला. मी रोज म्हणते, असू दे.

११ सप्टेंबर, गुरुवार

पहिल्या चिठ्ठीपर्यंत पोचले. ३ जून २०१२.

"शिवू, ही पयली चिठ्ठी. दोनांतलें कुठलें दाबायचें म्हणून वासुकीला विचारलें. भाजी चिरत होती. हेंच दाब, जातें त्याला, म्हणाली. पोंचली की कळीव."

मला आठवत नाही. पण मीच असणार. मी अशीच बोलते. मान वरही केली नसेन.

शिवराज सकाळी सहाला पोचतोय. लॅपटॉप अप्पांच्या खुर्चीसमोर ठेवलाय, पाटी त्याच ३ जूनवर उघडी, आल्या आल्या त्याला दिसेल अशी.

अप्पांनी आत्ता विचारलं, "आज गुरुवार की?" उठून भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. गुरुवारच होता.