धोंडूच्या नावाची पाटी

प्रिय अक्कास,

वाकून नमस्कार (आता प्रत्यक्षात वाकवत नाही, पत्रात जमतं). तुझे गुडघे कसे आहेत? थोडक्यात कळव, मागच्या खेपेला डावा गुडघाच चार पानं चालला होता.

इकडे मी आजोबा झालो. नात घाईची निघाली, दीड महिना आधीच आली, आणि आठ दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे. डॉक्टर रोज नुसतं 'बघू' म्हणतात. त्या 'बघू'पायी मला घास जात नाही.

पेटीवर 'बेबी' अशी चिठ्ठी होती. नर्सबाई म्हणाल्या, नाव ठरवा. झालं, चिरंजीवांनी नावांचं जाडजूड पुस्तक आणलं. सूनबाईंना अर्थ हवा प्रकाशाचा, चिरंजीवांना पाण्याचा (जमलं तर इंद्रधनुष्य, नाहीतर शॉर्टसर्किट). चाळीस वर्षं लोकांच्या नावांच्या पाट्या रंगवलेला माणूस म्हणून मीही तोंड घातलं, की जोडाक्षर तेवढं नको, ब्रश अडतो. तर चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुमच्या नावाचा अर्थ काय हो?" मी म्हटलं, दगड. चिरंजीवांनी लगेच पान उलटलं. नंतर मी पुस्तक चोरून चाळलं. त्यात धोंडू नाही, दगडू नाही, केरू नाही, भिकू नाही. आमची अख्खी पंगतच उठवून लावलीय.

तुला आठवतं, शाळेत एकानं माझ्या जागेवर दगड ठेवून माझी हजेरी दिली होती? तू वरच्या वर्गातून आलीस आणि तोच दगड त्याच्या पाटीवर घातलास. घरी येताना तू मला पहिल्यांदा सांगितलंस, की तुझ्यानंतर, माझ्याआधी तीन झाली, आईनं हौसेनं गोड नावं ठेवली आणि तिन्ही गेली. म्हणून माझ्या वेळी असं नाव, की न्यायला येणाऱ्याला वाटावं, दगडच तर आहे, कशाला उचला. मला तेव्हा आईचा रागच आला. दुकानावरसुद्धा मी 'डी. पेंटर' एवढंच लिहिलं. आता त्या पेटीपुढे उभा राहिलो की आईची फार आठवण येते. किती घाबरून ठेवलं असेल गं तिनं ते नाव.

तुझा धाकटा,
<s>डी.</s> धोंडू

ता. क. त्या तिघांची नावं काय होती? तुझ्याशिवाय आता कुणालाच ठाऊक नाहीत. खरं तर तेवढ्यासाठीच हे पत्र. गुडघ्यांचं मागाहून लिहिलंस तरी चालेल.

पुन्हा ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं, तेवढ्यात नाव ठरलं, पाण्याचं. पुठ्ठ्यावर पाटी मीच रंगवली, पेटीला अडकवली, आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत 'धोंडी' लिहिलं. आज वजन वाढलंय, डॉक्टर 'बघू' म्हणाले नाहीत. नर्सबाईंनी मात्र पाटी उलटून पाहिली आणि विचारलं, ही धोंडी कोण? मी म्हटलं, काही नाही, पेंटरची सही आहे.